निळ्या माळेनं शर्ट रंगवला: अकीक ओळखायचा, घालायचा आणि सांभाळायचा कसा

सारंगखेड्याच्या यात्रेला कधी गेला असाल तर माहिती असेल, माणूस जातो घोडे बघायला आणि परत येताना हातात भलतंच काहीतरी असतं. माझ्या हातात निळ्या हकीकची, म्हणजे अकीकची, माळ होती. मोरपंखी निळा रंग, एकदम झक्कास, १०८ मणी, आणि विकणारा सांगत होता की शनीचा त्रास जातो, बीपी नॉर्मल राहतं, नजर तर लागतच नाही. घेतली. थंडीत काहीच झालं नाही. मग चैत्रात एकदा शहाद्याहून धुळ्याला मोटरसायकलवर गेलो, डोक्यावर ऊन, पाठीला घामाच्या धारा, आणि धुळ्यात आत्याच्या घरी उतरून आरशात बघतो तर पांढऱ्या शर्टाची कॉलर निळी, मान निळी, बनियनसुद्धा निळं. आत्या हसत सुटली, म्हणे, "काय व्हयनं रे भो, नीळ टाकीसन आंग धुयं का?"

मग तिनं कपाटातून आजोबांची चांदीची अंगठी काढून दाखवली. मधासारखा पिवळसर-तांबूस खडा, कडेला दोन बारीक पांढऱ्या रेषा. आजोबांनी ती घालून औत हाकलं, विहिरीवर मोट ओढली, बाजार केले, आणि खडा होता तसाच. हापण अकीक आणि माझी माळपण अकीक, मग एकाचा रंग पिढी गेली तरी हलला नाही आणि दुसऱ्याचा एका उन्हाळ्यात का सुटला? त्या दिवसापासून मी ह्या दगडाच्या मागे लागलो. सोनारांना विचारलं, वाचलं, स्वतः बऱ्याच चुका केल्या (एक तर फारच मोठी केली, ती खाली येईल). त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. कोणी अकीक घ्यायचा विचार करत असेल किंवा घरात जुना पडून असेल तर त्याला उपयोग होईल.

आधी दगड समजून घ्या

हकीक, अकीक, अगेट, सगळं एकच. अकीक शब्द अरबीतून आला. आपल्याकडे ज्याला आपण गार म्हणतो, गारगोटी म्हणतो, लहानपणी दोन घेऊन अंधारात घासून ठिणग्या पाडायचो, त्याच घराण्यातला हा दगड. रसायनाच्या भाषेत सिलिका. फरक एवढाच की स्फटिकात कण मोठे आणि आरपार दिसणारे असतात, अकीकात ते इतके बारीक की डोळ्याला दिसतच नाहीत, म्हणून तो धुरकट, दुधाळ, अर्धवट उजेड सोडणारा दिसतो. पट्टे असले की अगेट, एकरंगी लाल-केशरी असला की कार्नेलियन, आत शेवाळ अडकल्यासारखं दिसलं की मॉस अगेट, काळा असला की ऑनिक्स, अशी इंग्रजी नावं लावतात. बाजारात सगळ्याला सरसकट हकीक म्हणतात आणि त्यात चूक काही नाही, कारण आत सगळं तेच आहे.

आता गंमत बघा. आपण लोक हा दगड बाहेरून विकत आणतो, पण खानदेश बसलाय तो त्याच दगडाच्या आईवर. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले, भजी तळताना पीठात जाळी पडते ना, तसं. मग त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि भिंतीला थरावर थर बसत गेले. म्हणून अकीकाचे पट्टे पोकळीच्या आकाराप्रमाणे वळतात. आमच्याकडे विहीर खोदली की मलब्यात नारळाएवढे खडबडीत गोळे निघतात, फोडले की आत कधी पट्टे, कधी चमचमणारे स्फटिक. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याकडच्या खाणींतून ह्याच पोकळ्यांतले अपोफिलाइट, स्टिल्बाइट असे स्फटिक निघालेत आणि ते जगभरच्या संग्राहकांकडे गेलेत. तिकडे लोक ते 'हीलिंग क्रिस्टल' म्हणून उशाशी ठेवतात. आपल्याकडे खाणीतले लोक खडी पाडताना नको असलेली गार म्हणून बाजूला टाकायचे.

आणि हे आजचं नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे उत्खननात अश्मयुगातली हत्यारं मिळालीत, ती ह्याच जातीच्या दगडांची, कॅल्सेडनी आणि जॅस्परची. तिथेच शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीपण मिळालेत. म्हणजे गार फोडून पातं काढायचं आणि कशाचे तरी मणी करून अंगावर घालायचे, हे दोन्ही उद्योग खानदेशात फार जुने.

गुणधर्म थोडक्यात, कारण पुढची सगळी निगा ह्याच्यावरच उभी आहे. कठीणपणा मोह्सच्या मोजपट्टीवर साडेसहा ते सात, म्हणजे काचेवर ओरखडा काढतो आणि साध्या चाकूनं स्वतःवर ओरखडा पडत नाही. वजन त्याच मापाच्या पाण्याच्या साधारण २.६ पट. हिऱ्यासारखा एका रेषेत चिरत नाही, फुटला तर जाड काचेसारखा, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गोल खळगा पडून फुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्यात अतिशय बारीक छिद्रं असतात. हा दगड पितो. पाणी पितो, तेल पितो, रंग पितो. माझ्या माळेचं रहस्य इथेच होतं.

लोक काय मानतात, आणि माझं काय म्हणणं

अकीक नवरत्नांत नाही, तो उपरत्न. म्हणून ज्यांना माणिक-पुष्कराज परवडत नाही त्यांना ज्योतिषी हा सुचवतात. काळा हकीक शनीसाठी, लाल पोवळ्याच्या जागी मंगळासाठी, पांढरा मोत्याच्या जागी चंद्रासाठी, असं साधारण गणित सांगतात. जपाच्या माळा असतात. लहान पोराच्या गळ्यात नजर लागू नये म्हणून काळा मणी बांधतात त्यातही कधी कधी हाच असतो.

मुसलमान समाजात त्याचा मान वेगळाच. यमनी अकीक, चांदीची अंगठी, ती उजव्या हातात घालायची, शिया लोकांत तर फारच महत्त्वाचा. जुन्या काळी शिक्क्याच्या अंगठ्या लाल अकीकाच्या करायचे, त्यालाही पक्कं कारण होतं, गरम लाख किंवा मेण ह्या दगडाला चिकटत नाही, शिक्का स्वच्छ उठतो. रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की लोक अगेट विंचू-कोळ्याच्या विषावर चांगला मानतात. तिबेटी लोकांचे झी मणी, तेपण अकीकच. म्हणजे जिथे जिथे हा दगड पोचला तिथे तिथे 'रक्षण करतो' हाच अर्थ त्याला चिकटला. मला वाटतं मजबूतपणामुळेच, जे सहजी फुटत नाही ते आपल्यालाही फुटू देणार नाही असं माणसाला वाटत असेल.

व्यापार तर विचारूच नका. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणहून भडोच बंदरावर अकीकाच्या जातीचा दगड गाड्या भरभरून येतो. नकाशावर पैठण ते भडोच सरळ रेघ ओढून बघा, ती बागलाण-नवापूरच्या अंगावरून जाते. आजही भडोच जिल्ह्यातलं रतनपूर अकीकाच्या खाणींसाठी आणि खंभात घडाईसाठी नावाजलेलं आहे. रतनपूरजवळच्या डोंगरावर बाबा घोर ह्या सिद्दी पीराचा दर्गा आहे आणि अकीकाचे कारागीर त्यांना मानतात. खंभातचे कारागीर कच्चा दगड आधी कडक उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेणाच्या मंद विस्तवात भाजतात. भाजला की पिवळट दगड लाल होतो, कारण आतल्या पिवळ्या लोखंडी गंजातलं पाणी उडून जातं आणि लाल गंज उरतो. मातीचं मडकं भाजल्यावर लाल होतं ना, अगदी तेच. त्यामुळे लाल अकीक 'भाजलेला' आहे म्हणून तो नकली समजायचा नाही, ही हडप्पाच्या काळापासूनची रीत आहे.

आता औषधी गुण. आयुर्वेदात अकीक पिष्टी आहे, दगड तापवून विझवून, गुलाबपाण्यात दिवसेंदिवस खलून करतात, हृदयाला बळ देणारी आणि पित्त शमवणारी मानतात. युनानीतही अकीकाचं औषध आहे. ते वैद्यांनी करायचं काम. घरी दगड कुटून मधात घालून खायचं नाही, कोणी कितीही व्हिडिओ दाखवू दे. सिलिकाची बारीक धूळ छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, खंभातच्या घासकाम करणाऱ्यांनी ह्या रोगात जीव गमावलेत.

आणि नुसता बोटात घालून बीपी, शुगर, मुतखडा बरा होतो, असा कुठलाही वैज्ञानिक पुरावा नाही. हे मी अंगठी घालूनच लिहितोय. घालावी वाटते, आजोबांची आठवण आहे, रागाच्या वेळी बोटानं खडा फिरवला की दोन क्षण जातात आणि तोंडातून वाईट शब्द निघायचा राहतो, एवढा फायदा मला दिसलाय आणि तो मला पुरे आहे. पण गोळी चालूच ठेवायची. ताईत-रत्नांनी रोग बरा करण्याच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे, तेव्हा कोणी छातीठोकपणे गॅरंटी देत असेल तर तिथून उठायचं.

घेताना: एक एक करून बघा

सगळ्यात आधी रंग बघा. नैसर्गिक अकीक शांत रंगाचा असतो. करडा, दुधी, मधासारखा, विटकरी, तपकिरी, फार तर फिकट निळसर राखाडी. मोरपंखी, राणी, पोपटी, गडद जांभळा असला की डोळे झाकून समजा, रंगवलेला आहे. काळापण जवळजवळ सगळा केलेलाच असतो. दगड बरेच दिवस साखरेच्या पाण्यात ठेवायचा, मग गंधकाच्या तेजाबात, आत शिरलेली साखर जळून कोळसा होते आणि दगड काळाकुट्ट. पण हे काळेपण जात नाही, कोळसा काही विरघळत नाही. तसंच भाजून आलेलं लालपण जात नाही. जातो तो कपड्याच्या रंगासारखा सेंद्रिय रंग, जो माझ्या कॉलरवर आला. म्हणून दुकानदाराला 'असली आहे का' असं विचारू नका, त्याला तो हो म्हणणारच आणि खोटंही बोलत नसेल, दगड असलीच असतो. विचारायचं असं, "रंग दिलेला आहे का, आणि घामानं सुटेल का?"

मग मोबाइलची टॉर्च. खडा टॉर्चवर ठेवा. अकीकात उजेड पसरतो, आत पट्टे किंवा ढगासारखं दिसतं, पट्टे एकसारख्या जाडीचे नसतात. एकदम गोल बुडबुडे दिसले तर काच. भेगांत रंग गडद साचलेला दिसला तर रंगवलेला. संपूर्ण माळेत प्रत्येक मणी जुळ्या भावासारखा दिसत असेल तरी शंका घ्या.

मण्याचं भोक जरूर बघा, हे कोणी सांगत नाही. दगडाला भोक दोन्ही बाजूंनी पाडतात, त्यामुळे मध्ये कुठेतरी किंचित सांधा किंवा पायरी दिसते, तोंडाला बारीक टवके असतात. काचेच्या मण्याचं भोक गुळगुळीत, वितळल्यासारखं असतं. आणि रंग दिलेल्या मण्याच्या भोकाच्या कडेला रंग जास्त गडद दिसतो.

हात लावून बघा. अकीक गार लागतो आणि गालाला लावला तर बराच वेळ गार राहतो, प्लास्टिक लगेच कोमट होतं. अर्थात मे महिन्यात जळगावच्या दुपारी, पारा ४४-४५ वर असताना, ही परीक्षा करू नका, तेव्हा सगळंच तापलेलं असतं.

घरी आणल्यावर दोन परीक्षा. पहिली, कानातला कापूस काडीवर घेऊन नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवायचा आणि मण्यावर कोपऱ्यात अर्धा मिनिट घासायचा. कापूस रंगला की समजलात. (ही परीक्षा मोत्यावर, पोवळ्यावर किंवा दोऱ्यावर करू नका, त्यांची वाट लागते.) माझ्या निळ्या माळेनं तर अर्धा मिनिटही घेतला नाही.

दुसरी वजनाची, आणि ही मला फार आवडते. ग्रॅमचे दशांश दाखवणारा छोटा काटा हवा. खडा मोजा, समजा १०.४ ग्रॅम. मग काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवून काटा शून्य करा. खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण बुडाला आणि बाजूला टेकू द्यायचा नाही, दोरा हातात धरून ठेवायचा. काट्यावर जो आकडा येईल, समजा ४, त्यानं १०.४ ला भागा. २.६ आलं, म्हणजे अकीक असू शकतो. १.२ च्या आसपास आलं तर प्लास्टिक किंवा राळ. काच मात्र ह्या परीक्षेत पकडली जाईलच असं नाही कारण तिचं उत्तर २.५ च्या जवळ येतं, तिच्यासाठी बुडबुडे आणि भोक बघायचं.

वजनावरून आठवलं, रत्तीच्या हिशोबात अडकू नका. एक दुकानदार एक रत्ती धरतो, दुसरा दुसरीच धरतो, ह्याला पक्की-कच्ची म्हणतात आणि गिऱ्हाईक मध्ये हरवतं. ग्रॅम विचारा किंवा कॅरेट विचारा, १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ह्यात कोणाला खेळता येत नाही. आणि अकीक मुळात स्वस्त दगड आहे. साध्या अंगठीत चांदी आणि मजुरीच खड्याच्या वर जाते. कोणी त्याला माणकाचा भाव सांगत असेल तर नमस्कार करून पुढचं दुकान बघा.

नदीतून वेचायचा असेल तर पावसाळा संपल्यावर तापी-गिरणेच्या खडकाळ काठावर सकाळच्या तिरप्या उन्हात फिरा. ओला दगड लगेच डोळ्यात भरतो, उन्हात धरला की कडेनं उजेड सोडतो. बॅकवॉटरच्या गाळात उतरू नका, फसतं.

अंगठी किंवा माळ करताना

सोनाराला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. खडा कोंदणात बसवा, म्हणजे चारी बाजूंनी चांदीची कड येऊ द्या, कारण शेतात-कामात हात आपटला की मार कडेला बसतो, खड्याला नाही. आणि खडा बसवल्यावर गॅसची ज्योत लावायची नाही, साइज कमीजास्त करायची तर आधी खडा काढायचा. खालून उघडी ठेवायची का बंद? अंगाला खडा लागला पाहिजे असं मानणारे उघडी करतात. मला उघडीच बरी वाटते, पण कारण वेगळं, खाली साबण आणि पीठ साचत नाही, धुता येते.

माळ असेल तर रेशमी किंवा नायलॉनच्या दोऱ्यात प्रत्येक मण्यानंतर गाठ घ्यायला लावा. मणी कठीण असतात, एकमेकांवर घासून भोकाची तोंडं दोरा कापतात, आणि गाठ नसली की बसस्टँडवर १०८ मणी वेचत बसायची पाळी येते.

पहिल्यांदा घालताना

ज्यांना मुहूर्त बघायचा त्यांनी बघावा, काळ्यासाठी शनिवार, लालसाठी मंगळवार असं सांगतात. फक्त पंचामृताबद्दल ऐका. लोक खडा रात्रभर दूध-दही-मध-तुपात बुडवून ठेवतात. मी वर म्हटलं ना, दगड पितो. तूप छिद्रांत जातं, दूध कोंदणाखाली शिरतं, आणि चार दिवसांनी अंगठीला असा वास येतो की जेवताना हात तोंडाशी नेववत नाही. भाव महत्त्वाचा असेल तर चमच्यानं एक थेंब लावा, मंत्र म्हणा, लगेच साध्या पाण्यानं धुवा आणि मऊ सुती फडक्यानं पुसा.

हल्ली 'चार्जिंग' म्हणून जो प्रकार चालतो त्यातलं चांदण्यात ठेवणं बिनधोक, ठेवा खुशाल गच्चीवर, मांजर पळवणार नाही एवढं बघा. उन्हात दिवसभर ठेवणं रंगवलेल्या खड्याला वाईट, रंग उडतो. खड्या मिठात पुरून ठेवणं चांदीला वाईट, काळी पडते. आणि खडा टाकलेलं पाणी प्यायचं, हे तर नकोच, रंग पक्का करायला कुठले क्षार वापरलेत तुम्हाला काय माहीत, हिरव्या रंगासाठी क्रोमियमचेही वापरतात.

रोजची निगा

खरं सांगायचं तर अकीकाला फार लाड लागत नाहीत. आजोबांनी कधीच काही केलं नाही. पण ज्या थोड्या गोष्टी लागतात त्या नेमक्या आहेत.

भांडी घासताना, ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर हातात घेताना अंगठी काढायची. शेतात फवारणीला जाताना तर नक्कीच काढायची, औषध कोंदणाखाली राहतं आणि त्याच हातानं आपण भाकरी खातो. केसाला तेल लावतानाही काढलेली बरी, फिकट खडा तेलानं डागाळतो. अत्तर, बॉडी स्प्रे आधी, माळ नंतर.

पंधरा दिवसांतून एकदा कोमट पाणी, दोन थेंब शाम्पू, लहान पोराचा मऊ ब्रश. वरून कमी घासा, खालून जास्त, कारण घाण खालीच असते. स्वच्छ पाण्यानं धुवा, फडक्यानं टिपा आणि सावलीत उपडी ठेवा. माळ असेल तर बुडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, ओला दोरा ताणला जातो आणि सडतो. फडकं आधी झटकून घ्या, आपल्याकडे उन्हाळ्यात घरभर धूळ असते आणि धुळीत गारेचेच कण असतात. अकीकाला त्याचं फारसं काही होत नाही, पण त्याच फडक्यानं पुढे मोती पुसला तर मोत्यावर ओरखडे.

म्हणून डब्यातही वेगळा ठेवा. मोती, पोवळं, सोन्याच्या पाटल्यांजवळ अकीक ठेवला तर तो त्यांना खरवडतो, आणि पुष्कराज-नीलम-हिरा त्याला खरवडतात. जुन्या सुती साडीच्या तुकड्याची छोटी थैली पुरते.

चांदी काळी पडली तर खड्याची काळजी घेऊन साफ करायची. रांगोळी आणि टूथपेस्टनं घासायची सवय आपल्याकडे आहे, त्यानं चांदी चमकते पण झिजतेही. चांदी साफ करायचं बाटलीतलं रसायन मिळतं त्यात खड्यासकट बुडवू नका, दगड पितो हे विसरायचं नाही. खड्याला न लावता नुसत्या चांदीवर चांदी पुसायचं पॉलिश कापड फिरवा, बास.

आता माझी मोठी चूक. दिवाळीआधी आत्या म्हणाली, बाबांची अंगठी काळी पडलीय, चमकवून दे. मी मोबाइलवर बघितलेला उपाय केला: पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा, उकळतं पाणी, त्यात अंगठी. चांदी दोन मिनिटांत लख्ख झाली, ते खोटं नाही. पण मग मी घाईत चिमट्यानं काढून सरळ गार पाण्याच्या नळाखाली धरली. बारीक 'टिक' आवाज आला, चणा फुटावा तेवढा. खड्यातून एक रेघ गेली आणि कोंदणातून टवका निघाला. जो दगड मोटेच्या कामात टिकला तो मी ओट्यावर फोडला. तुम्हाला हा उपाय करायचाच असेल तर बिनखड्याच्या पैंजणांवर करा. अकीक गरम असेल तर आपोआप थंड होऊ द्या, उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतून काढूनही लगेच गार पाण्यात घालू नका. दुकानात जे थरथरणारं अल्ट्रासोनिक मशीन असतं तेही रंगवलेल्या किंवा आधीच भेग असलेल्या खड्याला नको.

महिन्यातून एकदा तपासणी

अंगठी कानाजवळ धरून बोटानं टिचकी मारा. खडखड आवाज आला तर खडा सैल झालाय, कोंदण दाबून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं. माळेचा दोरा गाठींमध्ये फुगलेला किंवा मळकट-केसाळ दिसला की ओवून घ्या, तुटायची वाट बघू नका. खड्याची झळाळी गेली, वर बारीक रेघा आल्या तर घरी सॅंडपेपरनं घासत बसू नका, दगडाची धूळ छातीत गेली की काय होतं ते वर सांगितलंच, खडे घडवणाऱ्याकडे पाण्यावर पॉलिश करून मिळतं.

आणि फुटला तर? फेविक्विकनं चिकटवू नका, तो पिवळा पडतो आणि पुढे सोनाराला खडा काढता येत नाही. लोक मानतात की फुटलेला खडा आपल्यावरचं संकट घेऊन गेला, तो नदीत सोडायचा. आत्यानंही मला एक शब्द न बोलता तेच केलं, प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर जाऊन आजोबांच्या खड्याचे तुकडे सोडले. अंगठीत नवीन खडा बसवून घेतला, तांबूसच, पण दोन पांढऱ्या रेषांचा नाही मिळाला. टवका मात्र मी तिला न सांगता ठेवून घेतलाय. टॉर्चवर धरला की कडेच्या गोल खळग्यात पट्ट्यांचे थर मोजता येतात, माझे अकरा होतात, बायको म्हणते बारा आहेत.